बाबांचा गुडघा, सात लाल ठिपके आणि कातडीच्या तळातल्या मूलपेशी

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या होत्या. बाबा पंचा नेसून पडवीत बसले होते आणि अंगठ्याच्या नखाने गुडघ्यावरचा खवला उचकटत होते. त्यांना सांगून उपयोग नसतो. सोरायसिस बारा वर्षांचा आहे आणि "खवला काढू नका" हेही ते बारा वर्षं ऐकतायत. खवला निघाला, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा चकचकीत. खालच्या ओलसर गुलाबी जागेवर एकामागून एक लाल ठिपके उमटले, टाचणीच्या टोकाएवढे. मी मोजले, सात. बघता बघता फुगले, त्यातले दोन एकमेकांत मिसळले आणि पंच्याला डाग पडला. आई आतून ओरडली, "परत रक्त काढलंत ना?"

बाबा शांतपणे म्हणाले, "मी कुठे काढलं? ते वरच होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्वचेचा छेद दरवर्षी फळ्यावर काढते. वरच्या थरात, बाह्यत्वचेत, एकही रक्तवाहिनी नसते. शाळेत पोरं बोटाच्या वरच्या कातडीत टाचणी खुपसून मिरवतात आणि रक्त येत नाही, ते म्हणूनच. वाहिन्या असतात खालच्या थरात, अंतस्त्वचेत. तिथून बोटांसारखे उंचवटे बाह्यत्वचेत घुसलेले असतात आणि प्रत्येक बोटात केशवाहिनीचा एकेक आकडा वर जाऊन परत खाली वळतो, केसात खोचायच्या आकड्यासारखा. सोरायसिसमध्ये ही बोटं लांबतात. आतला आकडा लांबतो, रुंद होतो, पीळ घेतो. एकूण कातडी जाड होते खरी, पण नेमकी बोटांच्या टोकांवर ती पातळ होते. नखाने खवला उचकटला की ते पातळ छप्पर उडतं आणि आकडा उघडा पडतो. एक ठिपका म्हणजे एक आकडा.

म्हणजे बाबांचं बरोबर होतं. रक्त वरच होतं.

डॉक्टर मंडळी याला ऑस्पिट्झ चिन्ह म्हणतात, व्हिएन्नाच्या हाइनरिख ऑस्पिट्झच्या नावावरून. त्याचे गुरू फर्डिनांड फॉन हेब्रा. सोरायसिस वेगळा आणि कुष्ठरोग वेगळा, हे याच हेब्रांनी १८४१ साली स्पष्ट केलं. आमच्या वाडीत ही बातमी अजून पोचायची आहे. पंगतीत बाबांच्या शेजारचं पान अजूनही जरा सरकवून मांडतात.

आता मुद्द्यावर येते. ह्या वाहिन्यांना वर बोलावलं कोणी?

नेहमीचं उत्तर असं की, वरच्या पेशींनी. निरोगी कातडीत नवी पेशी तळातून निघून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. एवढ्या घाईला रसद लागते, म्हणून त्या पेशी खाली निरोप धाडतात. निरोप म्हणजे एक प्रथिन, व्हीईजीएफ. १९८३ साली ते सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांना दिसलं ते एवढंच की, याने रक्तवाहिन्या पाझरतात. १९८९ मध्ये कळलं की वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना वाढायलाही हेच लावतं. वाढवणं आणि पाझरवणं, दोन्ही कामं एकाच प्रथिनाची. सोरायसिसचा चट्टा लाल आणि किंचित फुगीर का असतो, त्याचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं. गाठी आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात हे मांडणाऱ्या ज्यूडा फोकमन यांनी तर १९७२ मध्येच सोरायसिसमधल्या वाहिन्यांवर लिहून ठेवलं होतं. व्हीईजीएफचा तेव्हा पत्ताही नव्हता.

पण गेली काही वर्षं संशोधक आणखी खाली बघतायत. मी वाचत बसले ते त्यामुळे.

मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात त्या. त्या म्हटलं की आपल्याला अस्थिमज्जा आठवते नाहीतर बाळाची नाळ. कातडीतही मूलपेशी असतात, आणि त्या दोन वेगळ्या जातींच्या. एक जात बाह्यत्वचेच्या तळाशी आणि केसाच्या मुळापाशी. कणगीत राखून ठेवलेलं भाताचं बियाणं म्हणा. रोजच्या झिजेची भरपाई तिथून होते. दुसरी जात खाली अंतस्त्वचेत, केसांच्या मुळांभोवती आणि थेट रक्तवाहिन्यांना बिलगून बसलेली. प्रयोगशाळेत हिच्यापासून चरबीच्या, हाडाच्या, कूर्चेच्या पेशी करता येतात. कातडीत मात्र तिचं काम मुख्यतः निरोप धाडण्याचं. कुठे जखम झाली तर दुरुस्तीचा निरोप, प्रतिकारशक्तीच्या पेशी फार खवळल्या तर "बस करा"चा निरोप.

प्रयोग असा. सोरायसिस असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या कातडीचा लहानसा तुकडा घ्यायचा, अंतस्त्वचेतल्या ह्या मूलपेशी सोडवायच्या आणि ताटलीत वाढवायच्या. मग त्यांच्या सोबतीला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी द्यायच्या. ह्या अस्तराच्या पेशी कुठून आणतात? बाळाच्या नाळेतल्या शिरेतून! जगभर हीच पद्धत आहे. (आपल्याकडे नाळ पुरतात, तिकडे तिच्यातून पेशी काढतात.) चीनमधल्या तायुआनच्या गटाला दिसलं की, सोरायसिसच्या मूलपेशींच्या संगतीत ह्या अस्तराच्या पेशी जास्त वाढतात, जास्त सरपटतात, आणि जेलीवर ठेवल्या की नळ्यांचं जाळं जास्त विणतात. निरोगी माणसाच्या मूलपेशींच्या संगतीत एवढं होत नाही. इटलीतल्या अँकोनाच्या गटालाही सोरायसिसच्या रुग्णांच्या ह्या पेशींत व्हीईजीएफ जास्त सापडलं.

आजोबांची पोफळीची बाग होती. विहिरीवरून पाट यायचा आणि एक गडी खोऱ्याने कुठे बांध फोडायचा, कुठे घालायचा. वरच्या झाडाला तहान लागली म्हणून पाणी येत नसे. गडी बांध फोडेल तिथे यायचं. इतकी वर्षं आपण झाडाच्या तहानेबद्दल बोलत होतो आणि आता कोणीतरी गड्याकडे बोट दाखवतंय, असं मला हे वाचून वाटलं. वर कितीही खरवडा, करंजेल चोळा, गडी आपला खाली खोरं घेऊन उभाच.

जाणकारांनी चुका काढाव्यात. आणि एक प्रश्न आहेच. बाबांच्या डाव्या मनगटावर पूर्वी काही नव्हतं. एप्रिलमध्ये आंबे काढताना तिथे चीक उडाला, भाजल्यासारखं झालं. दोनेक आठवड्यांनी बरोब्बर त्याच आकाराचा चट्टा उठला, ओघळासकट. तो सोरायसिसच निघाला. हे कसं?

---

नुसता_वाचक | सोमवार, रात्री १०:१५

वाचतोय. टाचणीचा खेळ आम्हीही केलाय, मास्तरांनी चोपला होता. कारण मात्र आज कळलं.

---

शंकासूर | सोमवार, रात्री ११:०२

ताई, शिमगा लांब आहे तरी मी आलोच.

एक, ताटलीतली पेशी म्हणजे हॉस्टेलवर ठेवलेलं पोरगं. घरी कसं वागतं ते तिथे बघून कळत नाही. दोन, कोंबडी आधी की अंडं? बारा वर्षं ज्या कातडीत जळजळ चालू आहे तिथल्या मूलपेशी बिघडलेल्या दिसणारच. गड्याच्या हातात खोरं आहे म्हणून पूर त्यानेच आणला असं होत नाही. पुरातही तो खोरं घेऊनच उभा असणार.

---

कातळसडा | मंगळवार, सकाळी ७:३०

मी त्वचारोगाचा डॉक्टर, किनाऱ्यावरच्याच एका तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं. धागा बरा आहे, पण दोन ठिकाणी कान पिळतो.

पहिला. ह्या कथेत प्रतिकारशक्ती पाहुणी म्हणून आलीय, ती घरमालकीण आहे. सोरायसिसचा मुख्य गोंधळ टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा. इंटरल्यूकिन-२३ आणि १७ हे निरोपाचे रेणू, ही त्यांची भाषा. आज सर्वांत परिणामकारक औषधं आहेत ती ह्याच दोन रेणूंना अडवणारी, रक्तवाहिन्यांना अडवणारी नव्हेत. व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगाचं औषध. ते घेताना एका रुग्णाचा सोरायसिस निवळल्याची नोंद आहे, पण तेवढ्यावर सोरायसिससाठी ते कोणी देत नाही.

मात्र वाहिन्या बिनमहत्त्वाच्या असं कोणी समजू नये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे अर्विन ब्रेव्हरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं की, सोरायसिसमध्ये त्या आकड्याचा स्वभावच बदलतो. निरोगी कातडीत तो धमनीच्या वळणाचा, चट्ट्यात शिरेच्या वळणाचा होतो. हे महत्त्वाचं अशासाठी की, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कातडीत उतरतात त्या शिरेच्या बाजूने. म्हणजे नुसता पाट रुंद झालेला नाही, बागेला नवं दार पडलंय आणि त्यातून टी-पेशी आत येतायत. उपचार लागू पडला की आकडा परत मूळ वळणावर जातो.

दुसरा. ऑस्पिट्झ चिन्ह घरी करून बघायचं नसतं! ते सोरायसिसच्या प्रत्येकात दिसत नाही आणि दुसऱ्या काही त्वचारोगांतही दिसतं. निदान त्यावर ठरत नाही. वर खरवडल्याने नवा चट्टा उठू शकतो, आणि इथेच ताईंच्या मनगटाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याला कोबनर परिणाम म्हणतात. सोरायसिसच्या माणसाला चांगल्या कातडीवर कापलं, भाजलं, घासलं गेलं की साधारण दहा ते वीस दिवसांत त्या जखमेच्या आकाराचा चट्टा उठू शकतो. आंबा, काजू, बिबा ही एकाच घराण्यातली झाडं, तिघांचाही चीक कातडी जाळतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये असे मनगटावरचे ओघळ आणि काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं दर वर्षी येतात. बाबांना सांगा, देठ ठेवून काढा आंबा. फळालाही बरं, हातालाही.

---

अबोली_माई | मंगळवार, दुपारी ३:२०

डॉक्टर, तुम्ही घासण्याचं म्हणालात आणि मी चमकले. माझ्या कमरेवर गेली चार वर्षं बरोबर परकराच्या नाडीखाली पट्टा आहे, कुणी पट्टीने आखल्यासारखा. मी समजत होते नाडीचा रंग लागतो. तीनदा नाड्या बदलल्या, शेवटी पांढरी सुती आणली. पट्टा तिथेच. आता कळलं, नाडीचा रंग नव्हे, नाडीचा काच.

डोक्यातही आहे. पांढरा कोंडा खांद्यावर पडतो म्हणून आठ वर्षं काळं पोलकं घातलं नाही. गजरा माळणंही सोडलं होतं, मागून कुणी बघेल म्हणून. नाव मात्र अबोली घेतलं इथे. असो.

---

कातळसडा | मंगळवार, दुपारी ४:०५

माई, नाडी सैल बांधा किंवा रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या. आणि गजरा माळा. हा लागत नाही, पसरत नाही. कुणी विचारलं तर हेब्रांची बातमी सांगा.

---

रापणकर | मंगळवार, रात्री ८:५०

ताईनु, माका त्या पेशीतला काय्येक कळूचा नाय, पण एक सांगा. माझ्या कोपरार सा वर्सा ह्या असा. एका वैद्यान सांगल्यान, मासे बंद कर. मालवणात रवान मासे बंद? तीन म्हयने कळ काढलंय. खवले थंयच, आणि मी बांगड्याच्या तुकडीकडे बघीत बसलंय. माशांचो ह्या रक्तवाहिन्यांशी काय संबंध असा काय?

---

कातळसडा | मंगळवार, रात्री ९:१०

नाही. खा बांगडा. बंद करायची असेल तर संध्याकाळची बाटली आणि विडी करा, आणि पोट सुटलं असेल तर ते कमी करा. वजन उतरलं की चट्टे निवळतात आणि औषधंही जास्त लागू पडतात. सोरायसिसवरच्या गोळ्या मेथोट्रेक्सेटच्या असतील तर दारू अजिबात नको, दोन्हींचा भार एकाच यकृतावर.

---

रापणकर | मंगळवार, रात्री ९:१४

बांगडो गावलो, बाटली गेली. 🙏

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

माई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला हाक मारली. तिने तुमच्या नाडीबद्दल ऐकलं आणि न बोलता बाबांच्या पंच्याची गाठ कुठे बसते ते बघून आली.

शंकासूर, तुमची कोंबडी माझ्याही डोक्यात होती. मला सापडलं ते सांगते.

गडी पुराच्या नादाने बिघडतो याला पुरावा आहे. अँकोनाच्याच लोकांनी टीएनएफ (जळजळ भडकवणारं एक प्रथिन) अडवणारी औषधं घेतलेल्या रुग्णांच्या मूलपेशी तपासल्या, तेव्हा त्यांचं व्हीईजीएफ उतरलेलं होतं. भोवतालची जळजळ कमी केली की गडीही थोडा ताळ्यावर येतो. हा मुद्दा तुमचा.

पण पूर नसताना वाहिन्या एकट्या काय करू शकतात, तेही एकाने बघितलंय. २००३ साली असे उंदीर वापरले की ज्यांच्या बाह्यत्वचेत जन्मापासून व्हीईजीएफ जादा तयार होतं. बाकी छेडछाड काही नाही. मोठे झाल्यावर त्यांच्या कातडीवर सोरायसिससारखाच आजार आला, टी-पेशींसकट. आणि व्हीईजीएफला अडवल्यावर तो उतरला. म्हणजे नुसतं पाणी सोडलं तरी पुढचं सगळं आपोआप येऊ शकतं, निदान उंदरात. हा मुद्दा माझा.

आणि तुमचं हॉस्टेलचं पोरगं! ते कातडीतून काढून, जळजळीपासून तोडून, ताटलीत पिढ्यान् पिढ्या वाढवलं तरी त्याची घरची खोड जात नाही. प्रयोगातली खरी मौज मला तिथे वाटली. बाहेरचा कोणी कान भरायला नाही, तरी हा नळ्या विणायला लावतोच.

---

शंकासूर | मंगळवार, रात्री १०:५५

म्हणजे गोल फिरतंय. जळजळ गड्याला बिघडवते, गडी पाट फोडतो, पाटाच्या दारातून जळजळ करणारे आत येतात. सुरुवात कुठून झाली ते विचारण्यात अर्थ नाही, फेरा कुठे तुटतो ते विचारायचं. मान्य. पण "खोड जात नाही" हे पेशींच्या चारदोन पिढ्यांचं झालं. बारा वर्षं एकाच गुडघ्यावर का, ते त्याने सुटत नाही.

---

कातळसडा | बुधवार, सकाळी ७:१०

बरोबर पकडलंत. एकाच जागी परत परत का उठतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा सध्या टी-पेशींच्या बाजूने आहे. चट्टा बरा झाल्यावरही काही टी-पेशी त्या जागेतच मुक्कामाला राहतात, रक्तात परत जात नाहीत. कातडी वरून स्वच्छ, आत पहारा बसलेला. मूलपेशींची आठवण ही त्यात आणखी एक भर असू शकेल. त्याहून जास्त मी म्हणणार नाही.

मनाने आणून लावायच्या ट्यूबबद्दलही बोलतो, कारण पावसाळ्यात माझा अर्धा दिवस त्यातच जातो. मेडिकलवाला देतो ती ट्यूब बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइडची किंवा तीन-चार औषधांच्या खिचडीची. दोन दिवसांत लाली जाते आणि माणूस खूश. का जाते? स्टिरॉइड रक्तवाहिन्या आखडवतं. किंबहुना लावायच्या स्टिरॉइडची ताकद मोजायची जुनी पद्धतच ती आहे. निरोगी कातडीवर लावायचं आणि जागा किती पांढरी पडते ते बघायचं. १९६२ पासून चालत आलेली. तेव्हा लाली गेली म्हणजे आजार गेला असं नाही, पाटाच्या तोंडावर दगड ठेवला एवढंच. दगड उचलला की पाणी दुप्पट. योग्य ट्यूब, योग्य जागी, ठरलेल्या दिवसांसाठी, हे उत्तम औषध आहे. पण चार महिने मनाने चोळत बसलात तर कातडी पातळ होते, आणि मूळ दुखणं गजकर्णाचं असेल तर ते मांडीभर पसरतं. सोरायसिससाठी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं तर घेऊच नका. ती थांबवल्यावर अंगभर पू भरलेल्या फोडांचा सोरायसिस उठू शकतो. त्यात माणूस दगावूही शकतो.

---

चाकरमानी_३ | बुधवार, दुपारी १:४५

बरं झालं धागा दिसला. धाकट्या भावाचा सोरायसिस पाठभर आहे, लग्न ठरत नाही म्हणून खचलाय. शहरातल्या एका क्लिनिकने त्याला स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय. तीन इंजेक्शनं, "मुळापासून कायमचा बरा". पैसे म्हणाल तर आमच्या बागेचा दोन वर्षांचा खंड जाईल. तो कलमं गहाण टाकायला निघालाय. ताईंचा लेख वाचून वाटलं, मूलपेशींचाच दोष असेल तर नव्या घालून बरा होईल ना?

---

खाडीकाठ | बुधवार, दुपारी २:१०

थांबवा त्याला. आधी फोन करा, मग पुढचं वाचा.

माझ्या लेखावरून असा अर्थ निघाला असेल तर चूक माझी. मी लिहिलं ते आजार कसा चालतो त्याबद्दल, उपचाराबद्दल एक अक्षर नाही. सोरायसिसच्या रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी रक्तवाहिन्या वाढवतात, असं ते प्रयोग सांगतात. मग क्लिनिकवाला कुठल्या पेशी घालणार, पोटाच्या चरबीतून काढून त्याच माणसाच्या की दुसऱ्याच्या नाळेच्या? त्यांनी तिथे जाऊन काय करावं हे कोण ठरवणार? एवढं तरी विचारा. उत्तर आलं तर इथे टाका.

---

कातळसडा | बुधवार, दुपारी २:४०

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आणि तत्सम आजारांतलं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीत. चाचणी असेल तर तिची सीटीआरआय ह्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद असते आणि रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पॅकेज सांगितलं, तिथेच उत्तर मिळालं.

भावाला पाठभर आहे म्हणता, तर करण्यासारखं पुष्कळ आहे. ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण, मेथोट्रेक्सेट, नाहीतर जैविक औषधं (वर म्हटलेली, ते दोन रेणू अडवणारी त्यातलीच). पूर्वीपेक्षा आज फार बरे दिवस आहेत. क्षयाची तपासणी आधी होईल, घाबरू नका, ती जैविक औषधांआधी करतातच. सांधे धरतात का तेही विचारा. सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील तर उशीर करू नका, सोरायसिस सांध्यांतही शिरतो आणि झिजलेला सांधा परत येत नाही.

---

चाकरमानी_३ | बुधवार, रात्री ११:२०

फोन केला. दोन तास भांडलो. कलमं वाचली, तूर्तास. टाचा सकाळी दुखतात म्हणाला, हे त्याने आजवर घरात सांगितलं नव्हतं. शनिवारी घेऊन जातोय.

---

अबोली_माई | गुरुवार, सकाळी ९:००

शनिवारचं काय झालं ते लिहा रे बाबा. जीव टांगणीला लावू नका.

---

खाडीकाठ | पाच महिन्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:१५

धागा वर काढतेय. चाकरमानी यांनी व्यनि (खाजगी निरोप) केला होता, भावाचे उपचार चालू आहेत आणि सांध्यांचं वेळेवर कळलं, एवढं इथे लिहायची परवानगी दिलीय.

बाबांना मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. आईने कालनिर्णयवर सगळ्या सोमवारांभोवती लाल गोल काढलेत आणि गोळ्यांची डबी तिच्या मिसळणाच्या डब्यामागे असते. हे मुद्दाम लिहिते. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, आणि घरात चाळिशी हरवलेला, प्रिस्क्रिप्शन न वाचणारा एक तरी म्हातारा असतोच. आमच्याकडे आहे. दर महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला जावं लागतं. "नखाने काढलेलं चालत नाही, सुईने काढलेलं चालतं," असं बाबा कुरकुरतात.

काल दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांकडे फोनला जोडायचं भिंग आहे, डर्मोस्कोप. पहिल्या भेटीत त्यांनी गुडघ्याचा फोटो घेऊन ठेवला होता. गुलाबी जमिनीवर एकसारख्या अंतरावर लाल ठिपके, दाटीने. ते सगळे आपले केशवाहिन्यांचे आकडे, टोकाकडून बघितलेले. मी फळ्यावर इतकी वर्षं बाजूने काढत होते, वरून कधी बघितलेच नव्हते. काल पुन्हा भिंग लावलं. खवला एकही नाही, नुसत्या डोळ्यांना कातडी जवळपास साफ. भिंगाखाली मात्र ठिपके होते, विरळ आणि फिकट, ओल्या भिंतीवरच्या जुन्या शेंदरासारखे. शंकासूर, तुमची आठवण झाली.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, हा फोटो माझ्या फोनवर टाका.

घरी आल्यावर चपलाही न काढता ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि फोन आईच्या नाकासमोर धरला. "हे बघ. मी काढत नव्हतो. वरच होतं."

आई म्हणाली, "नखं दाखवा."